पूर ओसरला तरी नळ कोरडा: पंपहाऊस बुडणाऱ्या गावांनी काय तयारी ठेवावी?

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पाणीपुरवठा समितीचं काम माझ्याकडे आलंय. शेती करतो, विजेच्या कामातलं शिक्षण नाही. म्हणून इथे विचारतोय.

नदीत जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), वर पंपहाऊस, ३० एचपीच्या दोन व्हीटी मोटारी (मोटार वर, उभ्या शाफ्टने जोडलेला पंप खाली पाण्यात). एक चालते, एक राखीव. गावात दीड लाख लिटरची उंच टाकी. २०१९ ला पंपहाऊस पार छतापर्यंत बुडालं, २०२१ ला पुन्हा. दोन्ही वेळा नदी पात्रात गेली, रस्ते सुरू झाले, दुकानं उघडली, पण नळाला पाणी नाही. मोटारी वाइंडिंगला (आतली तांब्याची तार नव्याने भरायला) गेल्या त्या परत यायचं नाव घेईनात. २०२१ ला तर एक मोटार ठेकेदाराच्या माणसाने नुसती पुसून चालू केली आणि तिथेच जळाली. बायाबापड्या टँकरमागे घागरी घेऊन पळत होत्या, घरात गुडघाभर चिखल आणि धुवायला पाणी नाही. पूर आला तेव्हा माणसं एवढी खचली नव्हती जेवढी त्या दिवसांत खचली.

आता पावसाळ्याआधी ग्रामसभेत हा विषय घ्यायचाय. नवीन जॅकवेल उंचावर बांधा असं सगळे म्हणतात, पण तेवढा पैसा लगेच येणार नाही. आहे त्या पंपहाऊसवर, पाणी ओसरल्यावर पुरवठा लवकरात लवकर सुरू व्हावा यासाठी काय करता येईल? (धरणांचं पाणी कोणी कधी सोडावं हा वाद कृपया इथे नको. तो मोठा आहे, आणि माझ्या हातात पंपहाऊस आहे.)

---

जुना पंपवाला

सदस्य, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. पूर येऊन गेल्यावर सगळे विचारतात, आधी विचारणारं कोणी भेटत नाही. माझी सगळी नोकरी नळपाणी योजनांच्या यांत्रिकी कामात गेली. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पुरांनंतर चिखलातली पंपहाऊस उघडलीत. २०१९ ला कोल्हापूर शहराचीच शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रं पाण्यात गेली होती. महापालिकेची ती गत, तर ग्रामपंचायतीचं काय होणार.

तुम्ही ओसरल्यानंतरचं विचारलंय. पण नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे पंपहाऊसमध्ये पाणी शिरायच्या आदल्या दिवशी ठरतं. त्याचं कारण वाइंडिंगच्या दुकानासमोरची रांग. पूर ओसरला की कोल्हापूर-सांगली दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या मोटारी एकाच आठवड्यात त्याच मोजक्या वाइंडिंगवाल्यांच्या दारात येतात. गावांच्या पाण्याच्या, उपसा सिंचन संस्थांच्या, इचलकरंजीच्या कारखान्यांच्या, शेतकऱ्यांच्या पाच-सात एचपीच्या. तांब्याची तार संपते, वार्निश संपतं, कारागीर रात्रंदिवस बसून थकतात. तुमची मोटार भरायला दोन-तीन दिवसांचं काम, पण तिचा नंबर लागायलाच आठवडे जातात. म्हणून सगळा जोर एकाच गोष्टीवर लावा: आपली निदान एक मोटार त्या रांगेत जाता कामा नये.

तुमच्याकडे दोन मोटारी आहेत, हे मोठं भाग्य. नदी चढायला लागली की सगळ्यांचा घोळ एकच होतो. मोटारी काढल्या तर गावाचं पाणी बंद, आणि नाही काढल्या तर दोन्ही बुडणार. मग "बघू, अजून एक फूट चढू दे" म्हणत बसतात आणि रात्री पंपहाऊसकडे जायची वाटच पाण्याखाली जाते. सरळ उपाय आहे. राखीव मोटार आधी काढा, तीही दिवसाउजेडी आणि वाट कोरडी असताना. चालू मोटारीवर उपसा सुरू ठेवा, टाकी काठोकाठ भरा, गावाला सांगा घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवा. मग वेळ मिळाली तर दुसरी काढा, नाही मिळाली तर जाऊ दे ती. एक वाचली तरी गाव तरलं.

कधी काढायची याचा आकडा आधीच ठरवून ठेवायचा, त्या दिवशी चर्चा नको. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे आकडे रोज जाहीर होतात. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्या पंपहाऊसचा जोता नेमका कुठल्या आकड्याला भिजतो, तुमची वाट कुठल्या आकड्याला बंद होते, हे जुन्या पंप ऑपरेटरला विचारून भिंतीवर ऑइलपेंटने लिहा. वाट जोत्याच्या आधी बंद होते, हे बऱ्याच गावांच्या लक्षातच येत नाही. मोटार काढायचा आकडा वाटेवरून ठरवायचा.

३० एचपीची व्हीटी मोटार दोन क्विंटलच्या पुढे भरते. छताला गर्डर आणि चेनपुली (वजन उचलायची साखळी-कप्पी) आहे का बघा. असली तर साखळी गंजलीय का बघा, आणि उन्हाळ्यात एकदा खरोखर मोटार उचलून खाली ठेवून बघा. वरचा हेडनट (मोटारीच्या डोक्यावर शाफ्ट धरून ठेवणारा नट) सोडण्याआधी त्याची जागा खूण करून ठेवा आणि किती आटे फिरवले ते वहीत लिहा. त्या नटावर खालच्या इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चक्राची) फट ठरते, परत बसवताना अंदाजाने बसवली तर इंपेलर घासतो. मोटार ट्रॉलीत घालून गावातल्या उंच जागेवर, शाळेच्या व्हरांड्यात नाही तर देवळाच्या ओवरीत, प्लॅस्टिकखाली. सोबत स्टार्टर पॅनेल. पॅनेल चार बोल्टवर उचलून नेता येईल असंच बसवून घ्या, आणि केबलच्या प्रत्येक टोकाला नंबर घाला. नंबर नसले की परत जोडताना अर्धा दिवस शोधाशोधीत जातो. जागेवर राहिलेल्या केबलची टोकं उघडी सोडू नका, टेप आणि प्लॅस्टिकने घट्ट बांधून वर टांगा. टोकातून पाणी आत शिरलं तर तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. म्हणून केबल मुळातच हातभर जास्त ठेवा.

आता बुडालीच मोटार, तर. इथे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मोटार पुरात जळत नाही. ती नंतर घाईने चालू केल्यावर जळते. पूर ओसरल्या ओसरल्या, गाळ ओला असतानाच, स्वच्छ पाण्याने धुवा. पहिल्या दिवशी गाळ पाण्याने निघतो, चार दिवस ऊन लागलं की वाइंडिंगच्या तारांत सिमेंटसारखा बसतो. उघडायची, रोटर (फिरणारा भाग) बाहेर काढायचा, स्टेटर (तारा भरलेला स्थिर भाग) भरपूर पाण्याने हलक्या दाबाने धुवायचा, निवळ पाणी येईपर्यंत. बेअरिंग धुऊन वापरायचा मोह नको, नवीनच टाका. त्यांचे नंबर मोटारीच्या पाटीवरून आजच उतरवून एक जोड आणून ठेवा.

मग वाळवणं. पत्र्याची पेटी करून आत हॅलोजनचे दिवे, वर वाफ जायला भोक. तापमान ८० अंशांच्या आसपास, त्यापुढे नको, आणि चढवायचं तेही हळूहळू. एकदम तापवलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन इन्सुलेशन (तारांवरचं वीजरोधक आवरण) फुटतं. दर दोन-तीन तासांनी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) बघायचं आणि लिहून ठेवायचं. एक सांगून ठेवतो, सुरुवातीला रीडिंग उलटं खाली जातं. पोरं घाबरतात, म्हणतात गेली मोटार. ती गेलेली नसते, गरम झाल्यावर इन्सुलेशनचं रीडिंग घसरतंच. ओल निघत जाईल तसं ते परत चढतं आणि एका जागी थांबतं. थांबेपर्यंत वाळवत राहायचं. मोटार थंड झाल्यावर निदान ५ मेगओहम मिळाल्याशिवाय मी कधी चालू करू दिलेली नाही. जुन्या नियमाने एक-दीडवरही लोक चालू करतात, पण गावाकडे एकच मोटार उरलेली असताना हा जुगार कशाला.

पॅनेलमधले एमसीसीबी (मोठे ब्रेकर), रिले, कपॅसिटर, फ्यूज बुडाले असतील तर फेकून द्या. वरून पुसून चांगले दिसतात, आत गाळ असतो, आणि वेळेला ट्रिप होत नाहीत. कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) उघडून धुऊन वाचवता येतो.

शेवटचं, आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. लाईट परत आली की मोटार पंपाला जोडण्याआधी नुसती फिरवून दिशा बघा. पुरात लाईनची, डीपीची कामं होतात, जोडताना दोन फेज अदलाबदल होतात. साधा पंप उलटा फिरला तर पाणी कमी देईल एवढंच. व्हीटी पंपाचे शाफ्ट आट्यांनी जोडलेले असतात, उलटे फिरले की ते आटे सुटतात आणि अख्खा कॉलम (विहिरीत उतरलेला पंपाचा पाइप) वर काढावा लागतो. रिव्हर्स न फिरू देणारा रॅचेट मोटारीला आहे का, आणि असला तर चालतो का, हे उन्हाळ्यात तपासा. पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले (फेज उलटे असले की मोटार सुरूच न होऊ देणारा) बसवून घ्या, खर्च फार नाही.

---

खांबावरचा

महावितरणमध्ये जनमित्र (लाईनमन) आहे, गाव सांगत नाही. पंपवाले काकांनी सगळं लिहिलंय, लाईटच्या बाजूचं मी लिहितो.

सदस्य दादा, पहिलं काम म्हणजे तुमच्या पंपहाऊसचं कनेक्शन कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाईनवर) आहे ते बघा. नदीकाठच्या बऱ्याच योजना शेतीच्या फीडरवर आहेत, कारण लाईन जवळून गेलेली असते. पुरानंतर आम्ही आधी उपकेंद्र उभं करतो, मग ३३ केव्ही, मग ११ केव्हीचे गावठाण फीडर, दवाखाने. शेतीचं फीडर शेवटी, आणि ते शेवटी का तर तीच लाईन सगळ्यात जास्त पडलेली असते. उसाच्या फडातून मांडीभर चिखलात खांब खांब बघत जावं लागतं. इन्सुलेटर फुटलेत का, तारेवर झाड आहे का, कुठे तार उसात पडलीय का, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय चार्ज करता येत नाही. आमची माणसं त्यात गेलीत, म्हणून सांगतो. गावात लाईट आली आणि पाण्याच्या पंपाला नाही, असं होतं ते यामुळे. गावठाण फीडरवर किंवा वेगळ्या लाईनवर घ्यायचा प्रस्ताव आत्ताच द्या. पावसाळ्यात कोणाला सवड नसते.

दुसरं, पाणी चढायला लागलं की आम्हाला फोन करा, पंपहाऊसची लाईन आम्ही एबी स्विचवरून (खांबावरच्या मोठ्या स्विचवरून) बंद करतो. स्वतः डीपीला हात लावू नका. पाणी ओसरल्यावरही नाही. पेटीत गाळ असतो, साप असतात, आणि कोणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा लाईनवर आलेला असू शकतो. चेंजओव्हर स्विच (लाईन तोडून मगच जनरेटर जोडणारा) नसताना जनरेटर जोडणारा माणूस खांबावरच्या आमच्या पोराचा जीव धोक्यात घालतो. एवढं एक गावात दवंडी देऊन सांगा, हात जोडून विनंती आहे.

बुडालेला ट्रान्सफॉर्मर तेल तपासल्याशिवाय चार्ज होत नाही. तेलात पाणी गेलंय का ते बीडीव्ही टेस्टवर (तेल किती व्होल्टेज सोसतं त्या तपासणीत) कळतं, ३० केव्हीच्या खाली आलं तर फिल्टर नाही तर बदली. तुमच्या डीपीचा ओटा पुराच्या रेषेच्या वर घेता आला तर हा सगळा वेळ वाचतो.

---

आरोग्यसेविका ताई

मोटार चालू झाली, टाकी भरली, पाणी सोडलं, असं करू नका. पूरभागात मी काम केलंय. जुलाब, कावीळ ही पुरात कमी आणि पाणी सुरू झाल्यावर जास्त दिसते.

पाइपलाइन इतके दिवस रिकामी असते. आत दाब नसतो, त्यामुळे जिथे जॉइंट गळतो, व्हॉल्व्हचा खड्डा आहे, तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. आणि आपल्याकडे बरेच व्हॉल्व्ह गटारीच्या शेजारीच आहेत. आधी टाकी घासून धुवा. मग पहिलं पाणी वॉशआउटमधून (पाइपचं पाणी बाहेर सोडायच्या व्हॉल्व्हमधून) वाहू द्या, निवळ दिसेपर्यंत. त्यानंतर टाकीत जास्तीच्या डोसने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ते पाणी शेवटच्या नळापर्यंत पोचवा, क्लोरीनचा वास आला की नळ बंद, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी सोडून द्या. हे पाणी पिण्याचं नाही हे घरोघर सांगायचं, नुसतं स्पीकरवर नको.

रोजचा डोस १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरतात, म्हणजे तुमच्या दीड लाखाच्या टाकीला पाऊण किलो. पण हे पावडर ताजी असेल तर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, दमट खोलीत पोतं फुटून पडलं की उडून जातो. पुरात तीच खोली बुडते! पोतं मोटारीबरोबर ट्रॉलीत घालून वर न्या. आणि पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी, निवळणं, मग टीसीएल. शेवटच्या घरच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी) करा. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम चालतं, पुरानंतर ०.५ मिळायला हवं. टाकीखालच्या नळाला टेस्ट करून वहीत लिहू नका, शेवटच्या गल्लीत जा.

---

नदीकाठचा

काका, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. आज सकाळी जाऊन बघितलं. कनेक्शन शेतीच्याच फीडरवर निघालं. गर्डर आहे, चेनपुली नाही. वाट जोत्याच्या बरीच आधी बंद होते, हे काका म्हणाले तसंच आहे, ऑपरेटर मामांनी लगेच सांगितलं.

काका, दोन शंका. जॅकवेलमध्ये सबमर्सिबल (मोटारीसकट पाण्यात राहणारा पंप) टाकला तर काढायची भानगडच नाही ना? आणि जनरेटर भाड्याने आणायचा तर किती मोठा?

---

जुना पंपवाला

सबमर्सिबलचा विचार अगदी बरोबर आहे, आणि माझं मत त्याच बाजूला आहे. मोटार पाण्यातच राहायला बनवलेली, वर पूर आला काय आणि नाही काय. राखीव व्हीटीच्या जागी एक सबमर्सिबल घेतलात तर पुरानंतर पहिला तोच चालेल. फक्त तीन गोष्टी. केबलचा जोड पाण्यात येऊ देऊ नका, अखंड केबल वरपर्यंत न्या. पॅनेल वर पाहिजे, नाही तर सगळं व्यर्थ. आणि पुरात जॅकवेलमध्ये गाळ साठतो, पंप गाळात रुतलेला असताना चालू केला तर मोटारीला थंड करायला पाणी मिळत नाही आणि ती जळते. आधी गाळाची पातळी दोरी-वजन सोडून बघा, लागला तर मडपंपाने उपसा. कॉलम थोडा आखूड ठेवून पंप तळापासून चांगला वर टांगा.

पॅनेल पंपहाऊसच्या छतावर चढवायची घाई करू नका, २०१९ ला पाणी छतापर्यंत गेलं म्हणालात. काठापासून आत, २०१९ च्या रेषेच्या निदान तीन-चार फूट वर एक छोटी खोली, तिथे पॅनेल आणि मीटर, आणि तिथून केबल खाली. नव्या जॅकवेलच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे, वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाणीपुरवठ्याची कामं बसतात, ग्रामसेवकांना विचारा. केबल लांबली की व्होल्टेज पडतं, म्हणून तिची जाडी कोणा जाणत्याकडून काढून घ्या, ठेकेदाराच्या शब्दावर नको.

जनरेटरचं म्हणाल तर ३० एचपी चालताना तीसेक केव्हीए घेते, पण सुरू होताना त्याहून कितीतरी जास्त ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार कमी झटक्यात सुरू करणारा) असेल तर ६२.५ केव्हीएचा आणा, त्याखाली गेलात तर मोटार सुरू करतानाच जनरेटर बंद पडेल. भाड्याचा करार जूनच्या आधी करा, कोणत्या गावाला कधी द्यायचा हे लेखी. आणि डिझेल गावातच साठवा, लागेल ती परवानगी काढून. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर अडकले, कोल्हापुरात पंपांवर पेट्रोल-डिझेल फक्त अत्यावश्यक सेवेला राहिलं. त्या दिवसांत कागदावर सगळ्यांकडे जनरेटर होते.

चेनपुली मात्र आधी घ्या. दोन टनांची पुरते. आणि घेतल्यावर ऑपरेटर मामांबरोबर गावातली तीन-चार तरणी पोरं बसवून त्यांच्याकडून एकदा राखीव मोटार काढून परत चढवून घ्या, हेडनटच्या आट्यांच्या नोंदीसकट. मामा पुराच्या दिवशी स्वतःचं घर वाचवत असतील, तेव्हा ते काम दुसऱ्या कोणाला तरी येत असलं पाहिजे. फीडरच्या अर्जाची पोच घेतलीत की इथे कळवा, पॅनेलच्या खोलीचा अंदाज काढायला मी गावात येऊन जाईन.